नेपाळला बाइकवर निघण्याआधी: लायसन्स, विमा आणि शुगरच्या गोळ्या

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे नाशिकचेच, इंदिरानगरचे, वय 51. ऑक्टोबरमध्ये एका मित्राबरोबर सोनौलीच्या सीमेवरून काठमांडू, पोखरा आणि मुक्तिनाथ करायचं आहे. बाइक साडेतीनशे सीसीची, मुलाच्या नावावर, बँकेचे हप्ते अजून चालू. शुगर आणि बीपीच्या गोळ्या रोज सुरू आहेत. पुढच्या वर्षी व्हिएतनामला जाऊन तिथे भाड्याची बाइक घ्यायचा विचार आहे. त्यांना कागदपत्रांची यादी हवी आहे, कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा कस्टम्सचा हमी कागद) लागतो का ते हवं आहे, आणि 'स्वस्त आणि चांगला' ट्रॅव्हल इन्शुरन्स कुठला तेही.

दादा, यादी शोधली तर कुठेही मिळेल. तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. मुक्तिनाथच्या वाटेवर, बेनीहून जोमसोमला जाताना बाइक घसरून पाय मोडला, तर खर्च कोण देणार आणि देण्याआधी तुमच्याकडे काय काय मागणार? मी नाशिकमध्ये विम्याचं काम करतो, वाहनांचे आणि हॉस्पिटलचे क्लेम रोज हाताखालून जातात, आणि स्वतः बाइकवर फिरतोही. त्यामुळे तयारी करताना मी क्लेम फॉर्म समोर ठेवतो आणि तिथून मागे मागे येतो. तसं केलं की लक्षात येतं, लायसन्स, आरसी, पॉलिसी आणि डॉक्टरांचा कागद हे चार वेगवेगळे विषय नाहीत. पॉलिसी लायसन्सवर उभी असते, आणि क्लेम तब्येतीबद्दल तुम्ही आधी काय लिहून दिलं त्यावर.

सुरुवात लायसन्सपासून. तुमचं वय 51 म्हणून मुद्दाम सांगतो: ते आत्ता पाकिटातून काढा आणि वैधतेची तारीख वाचा. मोटर वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीआधी लायसन्स वीस वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत मिळायचं. कॉलेजात असताना काढलेलं आणि मध्ये एकदा नूतनीकरण केलेलं लायसन्स बरेचदा बरोबर पन्नासाव्या वाढदिवसाला संपतं, आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण नाकाबंदीला सहसा कार्ड दाखवलं की काम भागतं. क्लेममध्ये भागत नाही, तिथे तारीख वाचतात. मुदत संपून वर्ष झालं नसेल तर टेस्टशिवाय नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. चाळिशीनंतर डॉक्टरांचा फॉर्म 1ए लागतोच. अर्ज सारथी पोर्टलवर भरायचा, बाकीचं काम आपल्या पेठ रोडच्या आरटीओत. तुमचं लायसन्स पन्नाशीतच नूतनीकरण करून घेतलं असेल, तर ही पूर्ण अडचण तुम्हाला नाही.

तारखेबरोबर प्रकारही पाहा. गिअरच्या मोटरसायकलची नोंद हवी. फक्त कारची किंवा विनागिअरची असेल, तर साडेतीनशे सीसीच्या बाइकवर तुम्ही विम्याच्या दृष्टीने विनालायसन्सच. नेपाळमध्ये आपलं भारतीय लायसन्स चालतं, आंतरराष्ट्रीय परवान्याची गरज नाही. मात्र मूळ कार्ड न्या. मोबाइलमधलं डिजिलॉकर भारताच्या हद्दीपर्यंतच कामाचं.

आता बाइक. ती मुलाच्या नावावर आहे आणि आरसीवर बँकेचा बोजा आहे, म्हणून दोन कागद वाढतात. एक मुलाचं संमतीपत्र. 'माझी अमुक नंबरची बाइक माझे वडील अमुक तारखांदरम्यान नेपाळला नेत आहेत, त्यास माझी परवानगी आहे' असं साधं पत्र, त्यात चासी आणि इंजिन नंबर, मुलाची सही आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत. नोटरी करून घ्या, आणि इंग्रजीत करा, म्हणजे सीमेवर वाचणाऱ्याला अडचण नको. दुसरं, बँकेचं ना हरकत पत्र. वाहनकर्जाच्या करारात गाडी देशाबाहेर नेण्याआधी बँकेची लेखी परवानगी घ्यावी असं कलम बहुधा असतं. सोनौलीला हे पत्र कुणी विचारेलच असं नाही, पण गाडी तिकडे चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली, तर विमा कंपनी आणि बँक दोघंही करार उघडून बसतील. शाखेत अर्ज दिल्यावर पत्र हातात यायला दोन-तीन आठवडे सहज जातात, कारण ते बऱ्याचदा वरच्या ऑफिसातून येतं. म्हणून माझ्या हिशेबात पहिला अर्ज बँकेचा.

सीमेवर नेपाळच्या कस्टम्सकडून गाडीसाठी भन्सार, म्हणजे फी भरून मिळणारा तात्पुरता परवाना, घ्यावं लागतं. ते दिवसांच्या हिशेबाने असतं. परतीच्या ठरलेल्या तारखेपेक्षा दोन दिवस जास्तीचे घ्या, कारण दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि मुदत उलटली, तर दंड त्या दोन दिवसांच्या फीपेक्षा बराच मोठा असतो. ऑक्टोबर म्हणजे दसैं-तिहार या तिथल्या मोठ्या सणांचा काळ, सरकारी कचेऱ्या सुट्टीवर असतात, गर्दीही असते. तारखा ठरवताना नेपाळी कॅलेंडर बघून घ्या. तुमच्या स्वतःच्या ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र. पंधरा ते पासष्ट वयोगटासाठी आधार कार्ड हा नेपाळ प्रवासाचा मान्य कागद नाही. मी पासपोर्टच न्यायला सांगतो, कारण हॉस्पिटल, वकिलात आणि विमा कंपनी या तिघांनाही तो एकच कागद चालतो. मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतं, त्याचं वेगळं परमिट पोखऱ्यात काढा.

विम्याकडे येतो. इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ होते म्हणूनच लोक अडकतात.

पहिली, बाइकचा विमा. आपली मोटर पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान एवढ्या देशांसाठी थोडा जादा हप्ता भरून ती वाढवता येते. पॉलिसीच्या भाषेत याला भौगोलिक क्षेत्राचा विस्तार म्हणतात आणि त्याचा क्रमांक आयएमटी 1. ऑनलाइन पॉलिसी घेताना हा पर्याय सहसा दिसत नाही; कंपनीला मेल करून मागावा लागतो, आणि तारखांसह छापलेलं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेला बदलाचा कागद, हातात आल्यावरच झालं असं समजायचं. फोनवर कुणी 'हो सर, कव्हर आहे' म्हणालं त्याला अर्थ नाही. शिवाय सीमेपलीकडे नेपाळी कंपनीचा थोड्या दिवसांचा थर्ड पार्टी विमा मिळतो, तोही घ्या. तिथल्या माणसाला आपल्या बाइकची धडक बसली, तर तिथल्या पोलिसांना तिथलाच कागद ओळखीचा असतो.

दुसरी गोष्ट तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची, आणि तुम्ही ती विचारलेली नाही. बाइकच्या पॉलिसीत पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो 'ओनर-ड्रायव्हर'साठी. म्हणजे आरसीवर ज्याचं नाव त्याच्यासाठी. तुमच्या बाइकवर तो तुमच्या मुलाचा आहे. तुम्ही चालवत असताना काही झालं, तर त्या पंधरा लाखांतला रुपयाही तुमच्या घरी येत नाही. बाइकच्या नुकसानीचा क्लेम मिळेल, कारण मालकाच्या परवानगीने वैध लायसन्सवाला चालवत होता. चालवणाऱ्या माणसाचं काही नाही. वडील-मुलगा, नवरा-बायको अशा नावांच्या गाड्यांमध्ये हे घराघरात आहे आणि क्लेम आल्याशिवाय कळत नाही. उपाय सोपा आहे: तुमच्या स्वतःच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. त्यात भारताबाहेरचा अपघात धरला आहे का, दुचाकी चालवणं वगळलं आहे का, आणि तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला किती मिळतं, एवढ्या तीन ओळी वाचा. पाय मोडून तीन महिने दुकान बंद राहिलं, तर तिसरी ओळ कामी येते.

तिसरी गोष्ट म्हणजे ट्रॅव्हल इन्शुरन्स, हॉस्पिटलच्या खर्चासाठी. आपला नेहमीचा मेडिक्लेम साधारणपणे भारतातल्याच उपचारांना चालतो. गोरखपूरला आणून दाखल केलं तर चालेल, पोखऱ्याच्या बिलाला नाही. ट्रॅव्हल पॉलिसी घेताना हप्ता शेवटी बघा, आधी पॉलिसीचं शब्दांकन उतरवून घेऊन त्यातली वगळलेल्या गोष्टींची पानं वाचा. काही पॉलिसींत ठरावीक सीसीच्या वरची बाइक चालवताना झालेला अपघात सरळ वगळलेला असतो. काहींत मोटरसायकलिंग हे साहसी खेळांत धरलेलं असतं आणि त्यासाठी वेगळा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर, लागतो. काहींत ठरावीक उंचीच्या वरचं काही धरत नाहीत. हेल्मेट, वैध लायसन्स आणि दारू न पिता चालवणं या अटी जवळपास सगळीकडे. शंका असली तर मेलवर लेखी प्रश्न विचारा: '350 सीसी मोटरसायकल स्वतः चालवताना, 3,800 मीटरपर्यंतच्या उंचीवर झालेला अपघात कव्हर आहे का?' उत्तर आलं की त्याची प्रिंट फाइलला लावा.

जमिनीवरून नेपाळला जाणाऱ्यांची एक खास अडचण आहे. भारतीयांना तिथे व्हिसा नाही, त्यामुळे सोनौलीहून जाताना पासपोर्टवर सहसा शिक्काच बसत नाही. पण पॉलिसीतला प्रवास सुरू कधी झाला हे कंपनी विचारतेच. अशा वेळी भन्सारची पावती, त्याच दिवशीची हॉटेलची आणि पेट्रोलची बिलं हाच तुमचा पुरावा. भन्सारची पावती मिळताच फोटो काढून घरी पाठवून द्या. आणि पॉलिसी रस्त्याने जाणाऱ्या प्रवासालाही लागू आहे ना, हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.

रकमेबद्दल. हे प्रत्येकाच्या ऐपतीवर आहे, पण मी नेपाळसाठी पन्नास हजार डॉलरच्या खाली घेऊ देत नाही. हाड मोडल्याचा उपचार त्यामानाने स्वस्तात होईल. खरा खर्च डोंगरातून खाली आणण्याचा आणि गरज पडली तर भारतात हलवण्याचा आहे. पॉलिसीत वैद्यकीय स्थलांतर आणि मृतदेह परत आणण्याचा खर्च या दोन्ही गोष्टी शब्दशः लिहिलेल्या हव्यात. हेलिकॉप्टर लागलं, तर डॉक्टरांचा सल्ला आणि कंपनीच्या मदत क्रमांकाची मंजुरी आधी घ्यायची. नेपाळमध्ये गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून बिलं लावण्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत, म्हणून कंपन्या या बिलांकडे फार बारकाईने बघतात. तो मदत क्रमांक तुमच्या मित्राच्या फोनमध्येही असायला हवा, कारण फोन करायची वेळ येईल तेव्हा तो करणारे बहुधा तुम्ही नसाल.

आता शुगर आणि बीपी. काही एजंट सांगतात, 'कशाला लिहिता, हप्ता वाढेल.' कृपा करून ऐकू नका. हॉस्पिटलात दाखल झाल्यावर केसपेपरच्या पहिल्या ओळीत डॉक्टर काय लिहितात ते मी रोज बघतो: 'के/सी/ओ डीएम, एचटीएन', म्हणजे मधुमेह आणि रक्तदाबाचा ज्ञात रुग्ण, आणि पुढे किती वर्षांपासून ते. ही माहिती तुम्हीच किंवा तुमच्या मित्राने दिलेली असते, आणि द्यायलाच हवी, कारण त्यावर उपचार ठरतात. प्रस्तावात 'आजार नाही' आणि केसपेपरवर 'कित्येक वर्षांपासून', हे दोन कागद शेजारी ठेवले की पाय मोडल्याचा साधा क्लेमही लटकतो. खरं लिहा. हप्ता वाढेल, आणि आधीच्या आजारासाठी फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगात, तेही मर्यादेपर्यंत, एवढंच कव्हर मिळेल. पण अपघाताचा क्लेम स्वच्छ राहील.

तब्येतीच्या तयारीत माझं काम संपतं आणि तुमच्या डॉक्टरांचं सुरू होतं, तरी काय विचारायचं ते सांगतो. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास, पोखरा साधारण आठशे, जोमसोम सत्तावीसशे आणि मुक्तिनाथ सदतीसशेच्या वर. पोखऱ्याहून एका दमात मुक्तिनाथ गाठून तिथेच झोपायचं, हा बेत मी कुणालाही करू देत नाही. साधारण नियम असा की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये. म्हणून एक रात्र तातोपानीला, पुढची मार्फा किंवा जोमसोमला, मग सकाळी मुक्तिनाथचं दर्शन घेऊन झोपायला परत जोमसोमला. दुपारनंतर त्या खोऱ्यात वारं फार सुटतं, म्हणूनही सकाळ बरी. डोकं ठणकणं, मळमळ, चालताना तोल जाणं यातलं काही सुरू झालं की वर जाणं थांबवायचं, वाढलं तर लगेच खाली.

उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी सगळेच सुचवतात. ती मनाने घेऊ नका. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगणं भाग आहे. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध आधीच असतं आणि डायमॉक्सचाही परिणाम तसाच, त्यामुळे दोन्ही मिळून शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होऊ शकतात. मधुमेहाच्या गोळ्यांबद्दलही विचारा: दिवसभर बाइकवर, जेवणाची वेळ नाही, अशा दिवशी डोस कमी करायचा का? शुगर खाली गेली तर हात थरथरतात, घाम येतो, नजर धूसर होते, आणि बाइकवर असताना हे लक्षात येईपर्यंत उशीर होतो. ग्लुकोजच्या गोळ्या टँकबॅगेत नको, जॅकेटच्या वरच्या खिशात ठेवा. ग्लुकोमीटर थंडीत चुकीचं दाखवतो किंवा चालतच नाही. रात्री तो आणि स्ट्रिप्स पांघरुणात घ्या. कॉलेज रोड असो की सिडको, तुमचे नेहमीचे डॉक्टर जिथे असतील तिथून लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र घ्या: निदान, औषधांची मूळ नावं, डोस, रक्तगट, ॲलर्जी. ब्रँडचं नाव तिकडच्या डॉक्टरला कळेलच असं नाही, मूळ औषधाचं कळतं. औषधं दुप्पट दिवसांची घ्या आणि निम्मी मित्राच्या बॅगेत ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवत नसेल तर घेऊन टाका. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि रेबीजबद्दल डॉक्टरांचं मत घ्या; गावातली कुत्री बाइकमागे धावतात, आणि डोंगरात रेबीजची पुढची लस वेळेवर मिळेल याची खात्री नाही. दाताचं काही दुखणं असेल तर निघण्याआधीच उरका.

कार्नेटचं एका परिच्छेदात आटोपतो, कारण तुम्हाला तो लागत नाही. नेपाळ आणि भूतानला कार्नेट नाही. तो लागतो इराणसारख्या देशांत स्वतःची बाइक नेताना. ती तात्पुरत्या आयातीची हमी असते, एक वर्षाची, आणि मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून काढतात. त्यासाठी मोठी रक्कम तारण अडकते. बाहेर पडतानाचा शिक्का राहून गेला, तर तिथलं कस्टम्स गाडी तिथेच विकली असं धरून कर मागतं.

व्हिएतनामचा बेत मात्र आत्ताच बदला. भारत आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या जिनिव्हा कराराखाली देतो. व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना करारातला देश आहे आणि तिथे 1949 चा परवाना धरत नाहीत. भाड्याची बाइक देणारा काही विचारणार नाही, चावी हातात देईल, हजारो लोक चालवतातही. पण 50 सीसीच्या वरची बाइक चालवताना तिथल्या कायद्याने तुम्ही विनालायसन्स, म्हणजे ट्रॅव्हल पॉलिसी असून नसल्यासारखी. हा-जांगचे घाट बघायचेच असतील, तर स्थानिक चालकाच्या मागे बसून जा. तिथे ती सोय सर्रास आहे. स्वतः चालवायचं असेल तर उत्तर थायलंड घ्या, चियांग माईहून मे हाँग सोनचा फेरा. थायलंड 1949 च्या करारातही आहे, त्यामुळे आपला परवाना तिथे चालतो. पेठ रोडला फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाहनांच्या प्रकारांचं पान उघडा. 'ए' म्हणजे मोटरसायकल. फक्त 'बी'समोर शिक्का असेल तर तो कारचा परवाना, खिडकी सोडायच्या आधी दुरुस्त करून घ्या. एका ओळखीच्या मुलाचा थायलंडमधला खांद्याच्या ऑपरेशनचा क्लेम याच एका शिक्क्यामुळे नाकारला गेला. लायसन्स होतं, परवाना होता, हेल्मेट होतं, पण दोन्हींवर नोंद फक्त कारची. आणि भाड्याच्या दुकानात पासपोर्ट तारण ठेवू नका, प्रत आणि रोख डिपॉझिट द्या.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात लायसन्सची तारीख आणि बँकेचा अर्ज. मग मुलाचं नोटरी केलेलं पत्र आणि आयएमटी 1 साठी मेल. डॉक्टरांची भेट निघण्याआधी दीड महिना, कारण लसी आणि गोळ्यांचा बदल यांना वेळ लागतो. अपघात पॉलिसी त्याच सुमारास. ट्रॅव्हल पॉलिसी सगळ्यात शेवटी, पण लेखी उत्तर आल्यावरच. सगळ्याच्या दोन प्रती, एक मित्राकडे आणि एक घरी वहिनींकडे, त्यांना कुठला कागद कशाचा ते समजावून.

तुम्ही मोटर पॉलिसी कुठल्या प्रकारची आहे, पॅकेज की फक्त थर्ड पार्टी, हे लिहिलेलं नाही. फक्त थर्ड पार्टी असेल तर बाइकच्या स्वतःच्या नुकसानीचं मी वर लिहिलेलं लागू होत नाही आणि आधी ते बदलावं लागेल. लायसन्सची वैधता आणि पॉलिसीचा प्रकार एवढं कळवा, बाकीचे नंबर इथे टाकू नका. त्यावरून पुढचं सांगतो.